पाटीवर किती लावले, दाजी?

मंगळवारी सकाळी, वसमतच्या हळद बाजारात लिलाव चालू असताना, दाजी, तुम्ही एका ढिगापाशी खाली बसलात आणि पुन्हा उठला नाहीत. त्या ढिगावर शेवटची बोली तुमची होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कारण हृदयविकाराचा झटका असं लिहिलं गेलं. लिलाव तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हा तो ढीग तुमच्याच बोलीने तुमच्या व्यापाऱ्याकडे गेला. त्यावर कुणी एक रुपया चढवला नाही.

तुमच्या निधनाची चौकट मीच लिहिली. वय, गाव, मागे कोण कोण, अंत्यविधी कुठे. तुम्ही त्या ओळी वाचल्या असत्या तर म्हणाला असता, "ह्यात मी कुठं हाय, पत्रकार?" म्हणून हे वेगळं लिहितो आहे. यात तुमच्या आयुष्याचा आढावा नाही. आपल्या दोघांत एक वाद अर्धा राहिला होता आणि घरात माझ्या बहिणीचा, अक्काचा, एक प्रश्न होता. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी होतं. तुम्ही मुंबईला जाऊन ज्या प्रश्नमंजूषेचं चित्रीकरण करून आलात, त्या भागात. तो भाग अजून दाखवायचा होता.

वाद बाजारासमोरच्या गफूरचाचांच्या हॉटेलात सुरू झाला. तिथल्या टीव्हीवर संध्याकाळी हा कार्यक्रम लागायचा. तीन स्पर्धक, प्रश्नांच्या फेऱ्या, आणि शेवटी एकच प्रश्न. त्या प्रश्नाचा फक्त विषय आधी सांगतात. विषय ऐकून, प्रश्न न ऐकता, आपल्या गुणांतले किती लावायचे ते प्रत्येकाने पाटीवर लिहायचं आणि पाटी पालथी ठेवायची. दहाच्या पटीत. उत्तर बरोबर आलं तर तेवढे गुण वाढतात, चुकलं तर तेवढे जातात.

गफूरचाचांकडे तुम्ही लोकांनी याचा एक खेळ केला होता. विषय जाहीर झाला की बाकावरच्या प्रत्येकाने आपण पहिल्या नंबरवर आहोत असं समजून बोली सांगायची. उत्तराअंती ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हमाल, अडत्ये, तुमच्यासारखी खरेदीदारांची माणसं आणि कधीमधी हिंगोलीहून आलेला मी. हरणारा उठायचा आणि म्हणायचा, "चहा माझ्याकडं." एवढंच बोलायची रीत होती. कुरकुर करणाऱ्याला पुढच्या दिवशी बाकावर जागा नसे.

तुमची बोली कायम एकच असायची. शून्य.

"पुढं हाव ना आपण? मग ढीग आपल्या नावावर हाय. समोरच्यानं चढवल्याबिगर आपण काहून चढवायचं?"

मी म्हणालो, "समोरच्यानं चढवलं हे कळेल तेव्हा तुम्हाला बोलायलाच मिळणार नाही, दाजी. इथं बोली एकदाच. तीही झाकून."

"मग?"

"मग दुसऱ्या नंबरच्यानं सगळे लावले आणि त्याचे दुप्पट झाले असं धरायचं. आपले गुण त्याच्या वर दहा जातील एवढं लावायचं."

तुम्ही हातातलं हळकुंड मोडलं. बाजारातून येताना एखादं खिशात राहायचंच. मोडल्याचा आवाज ऐकून, आतला रंग बघून, तुम्ही ते टेबलावर ठेवलंत.

"जी बोली झालीच न्हाई तिच्यावर बोली कशी लावायची, सांग बरं."

बाकावरचे सगळे तुमच्या बाजूने हसले. साहजिक होतं. सगळ्यांचं आयुष्य उघड्या लिलावात गेलेलं. समोरचा बोलतो, आपण ऐकतो, त्याचा चेहरा बघतो, मग वर जायचं की सोडायचं ते ठरवतो. न ऐकलेल्या बोलीला उत्तर देणं हा बाजारात वेडेपणा. मला ही चूक वाटत होती आणि मी ती कागदावर आकडे मांडून दाखवत होतो. तुम्ही कागद बघायचात आणि मग दर वेळी एकच प्रश्न विचारायचात.

"अन् उत्तर चुकलं तर? तुझं समदं गणित मला उत्तर येतंय असं धरून चालून राहिलंय. प्रश्न ऐकल्याबिगर मला येतंय का न्हाई ते मलाच कसं कळावं?"

"दोनों झगडो तुम," गफूरचाचा म्हणायचे, "चाय ठंडी होरी उधर."

त्या दिवशी चहा तुमच्याकडे होता की माझ्याकडे, आठवत नाही.

तुम्ही स्वतः कधी अर्ज केला नसता. ते अक्काने केलं. फोनवर प्रश्न यायचे आणि ठरलेल्या वेळात उत्तराचं बटण दाबायचं असायचं. तुमच्या बोटांना हळदीची भुकटी कायम चिकटलेली, फोनचा पडदा दाद द्यायचा नाही. म्हणून तुम्ही जेवता जेवता उत्तर सांगायचात आणि अक्का दाबायची. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरची हळद शिजवायची सोडून मी मुंबईला जाऊ व्हय?" अक्का म्हणाली, "हळद मी शिजवते. तुमी जा." ती हट्टाला पेटली होती. गावात, नात्यात, सगळ्यांना आधीच सांगून बसली होती. शेवटी तुम्ही गेलात.

हे इथे लिहिणं भाग आहे, कारण पुढचं सगळं यावरून आहे.

सोबत एक माणूस आणायची मुभा होती, पण हळदीच्या कढया पेटलेल्या असताना अक्काला घर सोडणं शक्य नव्हतं. तुम्ही एकटेच निघालात. नांदेडला गाडीवर सोडायला मी आलो होतो. तुमच्या पिशवीत इस्त्रीचे दोन शर्ट, दशम्या, आणि अक्काने दिलेलं लिंबू. नखांचा पिवळेपणा त्याने काढायचा होता. फलाटावर मी पुन्हा तोच विषय काढला. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवलात.

"तुझं बराबर असंल, पत्रकार. पण तिथं बसायचं हाय ते मला."

चार दिवसांनी परत आलात. निकाल प्रक्षेपणापर्यंत कुणालाही सांगणार नाही अशा कागदावर तुम्ही सही केली होती. अशा सह्या लोक करतात आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगतात. तुम्ही सांगितलं नाहीत. अक्काने विचारलं, लटक्या रागाने विचारलं, खऱ्या रागाने विचारलं. तुम्ही म्हणालात, "सही केली म्या. तुला सांगितलं की तू तुझ्या बहिणीला सांगशील." हेही खरंच होतं.

आल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही एकच गोष्ट केलीत. गफूरचाचांकडे जाऊन बाकावरच्या सगळ्यांना चहा सांगितलात.

त्या चहावरून बाजारात दोन तट पडले. एक तट म्हणाला, जिंकून आलाय, म्हणून पाजतोय. दुसरा म्हणाला, या हॉटेलात चहा हरणारा पाजतो, हा नियम यानेच तर केला. एका हमालाने सरळ विचारलं, "दाजी, हा चहा कशाचा?" तुम्ही म्हणालात, "गवती चहा घातलेला."

मीही विचारलं. निकाल विचारला नाही. एवढंच विचारलं, "पाटीवर कुणाचं ऐकलंत? तुमचं का माझं?" तुम्ही मोटारसायकलला किक मारलीत. "टीव्हीवर बघ की." आपलं समोरासमोर झालेलं हे शेवटचं बोलणं. नंतर दोनदा फोन झाला, पण तो हळदीच्या भावाच्या बातमीसाठी.

त्यानंतर तीनच आठवड्यांत तो मंगळवार आला.

घरात सुतक. टीव्हीवर अक्काच्या जुन्या लुगड्याचं धडपं टाकलेलं. लोक भेटायला येत होते आणि भेटायला येणारे लोक बोलतात. पहिल्या दिवशी सगळे तुमच्या स्वभावाविषयी बोलले. दुसऱ्या दिवशी एक बाई, नात्यातलीच, भाकरी घेऊन आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "जिंकले असते तर पेढे वाटले असते वो. हारले असतील. त्याचाच धसका घेतला मनानं. बोलता येईना, सांगता येईना. आतल्या आत गेलं माणूस."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही. बाई गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"खरं असंल का रे?"

मी सांगितलं, डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही. आजार आधीपासून असावा, एवढंच ते म्हणाले होते. मी सांगितलं, एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली, असं होत नाही. त्याला पुरावा लागतो. बातमी लिहिताना आम्ही हा फरक पाळतो.

"बटण म्या दाबलं," अक्का म्हणाली. "ते न्हाई म्हणत होते. म्या धाडलं."

त्यापुढे ती रोज तेच विचारत राहिली. वेगवेगळ्या शब्दांत. आल्यावर जेवण कमी झालं होतं का? झोपेत बोलायचे का? तुला काही वाटलं का? मुंबईहून आल्यापासूनच्या तुमच्या प्रत्येक गप्प बसण्याला ती आता उचलून, उलटून बघत होती. एकदा तुम्ही अंगणात बराच वेळ नुसते बसून होतात, ते तिला आठवलं. मी म्हणालो, दाजी कायम बसायचे. ती म्हणाली, "तसं न्हाई. त्या दिशी येगळं होतं." तुम्ही एक होय किंवा नाही सांगून गेला असता तर हे टळलं असतं. हा आरोप नाही. नोंद आहे.

आणि हेही नोंदवायला हवं की मला बहीण भेटावी म्हणून तुम्ही काय करायचात. भाऊबीजेला माझी पाळी कार्यालयात असायची. पहिल्या वर्षी मी घरी येऊ शकलो नाही तेव्हा तुम्ही अक्काला मोटारसायकलवर बसवून वसमतहून हिंगोलीला आणलंत. मांडीवर झाकलेलं ताट धरून ती आली. दोन संगणकांच्या मध्ये पाट नव्हता, म्हणून तुम्ही जुन्या अंकांचा गठ्ठा सरकवलात आणि मला त्यावर बसवलंत. "बस आपल्याच बातम्यांवर." मग दरवर्षी तसंच झालं. मी कधी आभार मानले नाहीत. मेव्हण्याचे आभार मानायची आपल्यात रीत नाही.

वाहिनीला तुमच्या निधनाची खबर मी दिली होती. उत्तरादाखल त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण, सांभाळून बोलणारा. तुमचा भाग पुढच्या बुधवारी ठरलेला होता. ती म्हणाली, दाखवायचा की नाही हे कुटुंबाने ठरवावं. नको असेल तर तो कायमचा बाजूला ठेवू. उद्यापर्यंत कळवा.

अक्काने फोन माझ्या हातातून घेतला.

"बाई, ते जिंकले का हारले, तेवढं सांगता का?"

"नाही सांगता येणार, ताई. करार आहे."

"माणूस गेल्यावरबी राहतो का करार?"

मग ती म्हणाली, "आमच्याकडून राहतो, ताई."

संध्याकाळी घरात बसून बोलणं झालं. तुमचे थोरले भाऊ निवृत्तीभाऊ दारात खुर्चीवर होते. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं.

"सुतकात टीव्ही लावता व्हय? गुरुवारी दहावा, अन् बुधवारी नाचगाणं. गाव काय म्हणंल?"

"नाचगाणं न्हाई ते, दादा. सवाल-जवाब हायेत," अक्का म्हणाली.

"तेच ते. अन् हारलेला दिसला मंग? समद्या गावानं बघावं का? हिकडं माणूस गेलं अन् तिकडं टीव्हीवर मान खाली घालून बसलंय. न्हाई म्हणून सांग त्यांना. झाकलेलं हाय, झाकलेलं राहू दे."

निवृत्तीभाऊंचं चुकीचं नव्हतं. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. भाग दाखवलाच नाही तर अक्काला कधीच काही कळणार नाही आणि हळूहळू ती विचारायचं सोडून देईल, असं मला वाटत होतं. मी तसं म्हणालो. अक्काने माझ्याकडे बघितलं.

"आता न्हाई म्हणलं तर मला जलमभर हारले असंच धरावं लागंल. काई न लावता कुणी वाचतंय का रे? तूच सांगत होता ना त्यांना?"

मी तेच सांगत होतो. कागदावर आकडे मांडून सांगत होतो.

"दाखवा म्हणाव," ती म्हणाली.

निवृत्तीभाऊ उठून बाहेर गेले. त्यांनी नंतर विरोध केला नाही. फक्त एवढं म्हणाले, आवाज बारीक ठेवा.

बुधवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. अक्का जेवत नव्हती. मी कार्यालयात एका बातमीत दोन गावांच्या नावांची अदलाबदल केली, जी पंधरा वर्षांत केली नव्हती. एकदा मी त्या मुलीला परत फोन लावला आणि ती बोलायच्या आत ठेवून दिला. भाग आधी कळावा असं वाटत होतं आणि कळू नये असंही. तुम्ही हरल्याचं अक्का बघेल तेव्हा तिला काय सांगायचं, याची वाक्यं मी तयार करत होतो. एकही वाक्य उभं राहत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी अक्काने स्वतः टीव्हीवरचं धडपं काढलं, घडी घालून मांडीवर ठेवलं. शेजारच्या बाया आल्या नाहीत. सुतकातल्या घरात टीव्ही बघायला कसं यायचं, हा त्यांचा पेच असावा. निवृत्तीभाऊ दारातच, पाठ आमच्याकडे करून. गफूरचाचांचं हॉटेल त्या संध्याकाळी भरलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

सुरुवातीला पडद्याखाली एक ओळ आली, तुम्हाला आदरांजली वाहणारी. मग तुम्ही आलात. निळा शर्ट. सूत्रसंचालकाने विचारलं, काय करता? तुम्ही म्हणालात, "दिवसभर बोली लावतो, साहेब." लोक हसले. निवृत्तीभाऊंची मान वळली.

तुम्ही चांगलं खेळलात. इतिहासाचे प्रश्न सोडलेत, शेतीचे आणि नद्यांचे घेतलेत. घाईने बटण दाबलं नाहीत. शेवटच्या फेरीआधी तुमचे एकशे चाळीस होते. दुसरी एक नाशिकची शिक्षिका, तिचे शंभर. तिसरा एक बँकेतला तरुण, त्याचे साठ.

विषय जाहीर झाला. समुद्र.

अक्का म्हणाली, "अगं बाई. त्यांनी कधी बघितला होता?"

तुमचा हात पाटीवर लिहिताना जवळून दाखवला. आकडा दिसला नाही. नखं पिवळीच होती, लिंबाने काही झालेलं नव्हतं. तुम्ही पेन उचललंत, थांबलात, पुन्हा टेकवलंत. तुमच्या नियमाने त्या पाटीवर शून्य यायला हवं होतं. माझ्या नियमाने शिक्षिकेच्या दुप्पट दोनशे, त्याच्या वर दहा, त्यातून तुमचे एकशे चाळीस वजा जाता सत्तर.

प्रश्न असा होता: एकही किनारा नसलेला समुद्र कोणता?

आधी बँकेतल्या तरुणाची पाटी उलटली. उत्तर चूक. त्याने सगळे लावले होते, त्याचं शून्य झालं. मग शिक्षिकेची. तिचंही उत्तर चूक, पण तिने काहीच लावलं नव्हतं. तिचे शंभर तसेच राहिले. मग सूत्रसंचालक तुमच्याकडे वळला. तुमचं उत्तर पडद्यावर आलं. काळा समुद्र. बरोबर उत्तर सारगासो समुद्र होतं.

अक्काने मांडीवरचं धडपं मुठीत धरलं.

सूत्रसंचालक म्हणाला, आता सगळं तुम्ही किती लावलेत यावर आहे, चाळीसच्या वर लावले असतील तर शिक्षिका जिंकल्या. पाटी उलटायच्या आधीच तुम्ही हसायला लागलात. ओठाआडून नाही, मान मागे टाकून, गफूरचाचांच्या बाकावर हसायचात तसे. आणि कॅमेऱ्याकडे बघून, म्हणजे थेट बाकाकडे बघून म्हणालात, "चहा माझ्याकडं."

सूत्रसंचालकाला काही कळलं नाही. त्याने विचारलं, काय म्हणालात? तुम्ही हात हलवलात. हसणं थांबत नव्हतं.

अक्का पडद्याजवळ सरकली. "हसून राहिले," ती म्हणाली. मग दाराकडे वळून, मोठ्याने, "दादा, बघा तरी. हसून राहिले ते." निवृत्तीभाऊ खुर्ची सोडून आत आले आणि उभ्यानेच बघू लागले. अक्का रडत होती. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदाच आवाज करून रडली. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने तो प्रश्न मला विचारलेला नाही.

मग तुमची पाटी उलटली.

सत्तर.